ऊसबिलातून जुनी गाडी घेताना



ऊस विकास खात्याच्या माणसाने मोटारगाडीवर लेख लिहावा याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. हुमणी, पाचट, माती परीक्षण हे सोडून आम्ही या वाटेला का गेलो, असा प्रश्न संचालक मंडळातल्या एका ज्येष्ठांनीही आम्हांला हसत हसत केला. त्याचे उत्तर असे, की गेले दोन-तीन हंगाम आम्ही बांधावर उभे राहून सभासदांशी बोलतो तेव्हा पहिला प्रश्न तोडीचा, दुसरा बेण्याचा आणि तिसरा हमखास गाडीचा असतो. पहिली उचल खात्यावर जमा झाली, की आठ दिवसांत कुणीतरी विचारतोच, "साहेब, जुनी चारचाकी बघावी म्हणतोय. कुठली बरी?"

पूर्वी आम्ही "तुम्ही आणि तुमचा मिस्त्री बघा" म्हणून हात झटकत असू. आता तसे म्हणवत नाही. त्याला दोन कारणे घडली.

पहिले कारण एका सभासदाच्या दोन एकर सुरू उसात दिसले. जूनचा पहिला आठवडा होता, मोठी बांधणी झालेली. ऊस मात्र पिवळट, पाने अरुंद, नत्राला मुकलेला. माती चांगली, पाणी चांगले, बेणे आमच्याच बेणेमळ्यातले को ८६०३२. आम्ही विचारले, "बांधणीचा डोस दिला नाही काय?" सभासदाने उत्तर दिले नाही. वस्तीच्या लिंबाखाली पांढरी गाडी उभी होती, तिच्याकडे नुसते बोट केले. "तिथं हाय बघा डोस," असे त्याची आईच आतून म्हणाली. सोसायटीचे पीककर्ज उचललेले, त्यातले निम्मे गाडीला गेलेले, वर खाजगी फायनान्सचा महिन्याचा हप्ता. दुसऱ्या महिन्यात गिअरबॉक्स गेला, त्यात खताचे पैसे गेले. बांधणीच्या वेळी एकूण नत्राचा ४० टक्के हिस्सा द्यायचा असतो, तोच चुकला. ते रान एकरी ४५ टनांचे होते. त्या साली २९ टनांवर आले. म्हणजे गाडी एकदा घेतली आणि पैसे दोनदा गेले.

दुसरे कारण सांगताना आम्हांला थोडी लाज वाटते, पण लपवून उपयोग नाही. फसलेल्यांत आम्हीही आहोत.

ऑगस्ट २०१९ चा कृष्णा-पंचगंगेचा महापूर आपण सर्वांनी पाहिला आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. आठ-आठ दिवस घरे पाण्यात होती, तशा गाड्याही पाण्यात होत्या. पुढच्या उन्हाळ्याच्या आधी एका एजंटाकडून आम्ही एक छोटी डिझेल गाडी घेतली. रंग झकास, सीट कव्हरे नवी, आत अत्तराचा वास. किंमत बाजारभावापेक्षा चाळीस हजारांनी कमी. आम्हांला वाटले, आपण सौदा जिंकला. तीन महिन्यांनी काचा वर-खाली होणे थांबले, मग दिवे आपोआप लागू लागले, मग एका पहाटे गाडी सुरूच झाली नाही. मिस्त्रींनी सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला आणि आमच्या हातात दिला. एका ठिकाणी आडवी तपकिरी रेघ होती. त्याखालचा पट्टा चुरचुरत होता. डिकीतले जादा चाक उचलले तर खाली बोटभर वाळलेला गाळ! पोयटा. ज्या गाळाची आम्ही पंचवीस वर्षे चिमटीत धरून प्रत सांगत आलो, तो आमच्याच गाडीत होता आणि आम्ही त्यावर बसून हिंडत होतो. मिस्त्री म्हणाले, "साहेब, मातीचा नमुना घ्यायचा राहिला तुमचा."

तेव्हा या लेखातले ज्ञान थोडे पुस्तकातले, थोडे मिस्त्रींचे आणि बरेचसे पदरमोडीचे आहे.

गरज आधी, गाडी मागाहून

आमच्या एका गटात एक जुने सभासद आहेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात. दोन एकर ऊस, पाऊण एकर जिरायत, दोन म्हशी. त्यांनी आम्हांला विचारले तेव्हा आम्ही उलट विचारले, "तात्या, गाडी कशाला?" ते म्हणाले, "मंडळीचं डायलिसिस सुरू झालंय. आठवड्यात दोनदा सांगलीला न्यावं लागतं. पहाटे पाचला निघावं लागतं, त्या वक्ताला एस.टी. न्हाई."

मग आम्ही त्यांच्या सोप्यात बसून हिशेब मांडला. भाड्याची जीप एका खेपेला १२०० रुपये. वर्षाच्या १०४ खेपा, म्हणजे १,२४,८०० रुपये. स्वतःची लहान पेट्रोल गाडी असेल तर जाऊन-येऊन ६८ किलोमीटर, लिटरला १७ ची सरासरी धरली तर चार लिटर. लिटर १०५ रुपये धरून ४२०. वर्षाचे ४३,६८०. त्यात विमा, ऑईल, किरकोळ दुरुस्ती यांना २५ हजार मिळवले तरी सत्तर हजारांच्या आत. वर्षाला ५५-५६ हजार वाचतात. दोन लाखांची गाडी साडेतीन-पावणेचार वर्षांत फिटते. आणि रात्री-अपरात्री पेशंटला त्रास झाला तर दुसऱ्याच्या दाराशी उभे राहावे लागत नाही, त्याची किंमत हिशेबात धरलेलीच नाही.

असा हिशेब लग्नसराईला आणि देवदर्शनाला गाडी पाहिजे म्हणणाऱ्याने मांडून पाहावा. महिन्यातून तीनदा लागणारी गाडी भाड्याने आणलेलीच स्वस्त पडते. उरलेले सत्तावीस दिवस ती दारात उभी राहून बॅटरी, टायर आणि विमा खाते.

दुसरा हिशेब आपल्या मिळकतीचा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३५५० रुपये एफ.आर.पी. ठरवली. तोडणी-वाहतूक वजा जाऊन हातात किती येते हे ठिकठिकाणी वेगळे. समजण्यापुरते २८०० धरू. दोन एकरांत ८० टन निघाला तर २,२४,०००. मशागत, बेणे, खत, पाणी, मजुरी यांना निम्मे सोडा. राहिले १,१२,०००. महिन्याला नऊ हजार तीनशेच्या आसपास, आणि यात घर, पोरांची शाळा, दवाखाना सगळे आले. यातून महिना सहा हजारांचा गाडीचा हप्ता कसा निघणार? नोकरदाराचा पगार दर महिन्याला येतो, त्याला हप्ता सोसतो. आपले बिल वर्षातून एक-दोन वेळा येते. हप्ता मात्र जूनमध्येही येतो आणि सप्टेंबरमध्येही येतो, जेव्हा घरात नुसता ऊसच उभा असतो. शिवाय जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज नव्या गाडीपेक्षा चढे असते, हे एजंट सांगत नाही.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. कमी मिळकतीच्या सभासदाने जुनी गाडी रोखीने घ्यावी, सोसायटी भागवून आणि बांधणीच्या खताचे पैसे बाजूला काढून जे उरेल त्यातून घ्यावी, आणि तेवढे उरत नसेल तर एक हंगाम थांबावे. जवळ असलेल्या पैशांचे चार भाग करावेत. तीन भागांची गाडी, चौथा भाग पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीला. तात्यांकडे दोन हंगामांची शिल्लक आणि एका म्हशीचे पैसे मिळून अडीच लाख होते. त्यांना आम्ही एक लाख नव्वद हजारांच्या वर जाऊ दिले नाही. एजंट सारखा म्हणत होता, "अजून पन्नास टाका, वरचं मॉडेल देतो." ते पन्नास म्हणजेच आपली दुरुस्तीची थैली.

जुनी गाडी हा खोडवा आहे, असे आम्ही सभासदांना सांगतो. खोडव्याला बेण्याचा आणि पूर्वमशागतीचा खर्च नाही, म्हणून तो स्वस्त पडतो. पण बुडखे छाटले नाहीत, बगला फोडल्या नाहीत, नांग्या भरल्या नाहीत, तर त्यातून काय मिळते ते आपण जाणता. घेतल्याबरोबर ऑईल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेकचे लायनर आणि ब्रेक ऑईल बदलून घ्यायचे. आधीचा मालक "कालच बदललंय" म्हणाला तरीही.

कुठली गाडी

नावे विचारली जातात म्हणून सांगतो. मारुती ८०० ने १९८३ च्या डिसेंबरपासून २०१४ च्या जानेवारीपर्यंत या देशाला चारचाकीची सवय लावली. खेड्यातला मिस्त्री डोळे मिटून तिचे इंजिन खोलतो. पण आज ज्या शिल्लक आहेत त्या फार जुन्या. आवड म्हणून ठेवावी, पेशंट नेण्यासाठी घेऊ नये. आपल्या भागात अल्टो आणि वॅगन आर या दोन गाड्यांचे सुटे भाग तालुक्याच्या दुकानात मिळतात, ओळखीचा मिस्त्री मिळतो, आणि विकायची वेळ आली तर गिऱ्हाईकही मिळते. आमचा कस एवढाच, की रविवारी संध्याकाळी क्लच वायर तुटली तर ती सोमवारी दुपारपर्यंत मिळेल काय? मिळत असेल तर ती गाडी आपल्यासाठी भरवशाची. मग ती कुठल्याही कंपनीची असो.

याच कारणासाठी जनरल मोटर्सच्या शेव्हरोले आणि फोर्डच्या जुन्या गाड्यांबाबत विचार करून पाऊल टाकावे. शेव्हरोलेची विक्री आपल्याकडे २०१७ अखेर थांबली, फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. गाड्या वजनदार, दणकट आणि बाजारात स्वस्त. पण स्वस्त का, ते एकदा दरवाजाचा आरसा किंवा सेन्सर शोधायला निघाल्यावर कळते.

तात्यांसाठी आम्ही वॅगन आर सुचवली, तिचे कारण इंजिनाआधी सीटमध्ये आहे. ती उंच आहे. दुखणाईत बाईमाणसाला खाली वाकून आत शिरावे लागत नाही, खुर्चीवर बसल्यासारखे बसता येते. २०१० पासूनच्या वॅगन आरच्या ९९८ सी.सी. इंजिनाला टायमिंग चेन आहे. ७९६ सी.सी.च्या अल्टोला रबरी पट्टा आहे, तो कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला बदलावाच लागतो. बदलल्याची पावती मालकाकडे नसेल तर बदललेला नाही असेच समजावे.

डिझेलचा मोह आम्हांला नडला, तुम्हांला नडू नये. महिन्याला पाचशे-सहाशे किलोमीटर चालवणाऱ्याला डिझेलची बचत फारशी दिसत नाही, आणि इंजेक्टर किंवा पंपाचे काम निघाले की एका झटक्यात वर्षाची बचत जाते. सी.एन.जी. किट बाहेरून बसवलेले असेल तर त्याची नोंद आर.सी.वर आहे काय आणि टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झाली आहे काय हे पाहावे. नोंद नसलेले किट म्हणजे विम्याच्या वेळी भांडण.

इथे आपल्याच इथेनॉलचा विषय येतो. देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा २०२५ मध्ये गाठला गेला, त्यात आपल्या उसाचाही घास आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्या त्या मिश्रणाच्या दृष्टीने बनवलेल्या आहेत. त्याआधीच्या गाडीत सरासरी थोडी कमी पडते आणि इंधनाच्या रबरी नळ्या, गॅस्केट लवकर बदलाव्या लागू शकतात. त्यामुळे जुनी गाडी घेताना नळ्यांना तडे आहेत का, पेट्रोलचा वास येतो का हे बघून घ्या. कारखान्याचे नोकर म्हणून आम्ही इथेनॉलची बाजू घेणारच, पण नळी तपासायला काय हरकत आहे?

आर.सी. म्हणजे गाडीचा सातबारा

जमीन घेताना आपण सातबारा काढतो, इतर हक्कांतला बोजा बघतो, फेरफार वाचतो. गाडीला मात्र नुसता रंग बघून बयाणा देतो. आर.सी.वरील मालकाचे नाव, चासी नंबर, इंजिन नंबर आणि नोंदणीची तारीख गाडीवर प्रत्यक्ष ताडून पाहावी. चासी नंबर पत्र्यावर ठोकलेला असतो, तो घासलेला किंवा वेल्डिंग केलेला दिसला तर तिथून परत फिरावे, चहाही घेऊ नये. फायनान्स कंपनीचे नाव आर.सी.वर असेल तर तो बोजा. मालकाने कर्ज फेडले असे तोंडी सांगून भागत नाही. कंपनीचा बेबाकी दाखला आणि सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ हातात पाहिजे. परिवहन खात्याच्या एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणी, विमा आणि पी.यू.सी.ची मुदत दिसते. घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगा, दोन मिनिटांचे काम आहे. थकलेले ई-चलनही त्याच वेळी तपासून घ्यावे. दुसऱ्याने सिग्नल तोडायचा आणि दंड आपण भरायचा, असे व्हायला नको.

खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर पाच-पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. त्याची फी एप्रिल २०२२ पासून मोटारीला ५००० रुपये झाली, वर पर्यावरण कर वेगळा, आणि तपासणीत पास होण्याइतकी दुरुस्ती वेगळी. म्हणून १४ वर्षांची गाडी "फक्त ऐंशी हजार" म्हणून कुणी दिली तर ती ऐंशी हजारांची नसते. तात्यांच्या गाडीची पंधरा वर्षे मार्च २०२८ ला भरतात, हे धरूनच आम्ही किंमत बोललो.

दिल्ली पासिंगच्या गाड्या आपल्याकडे स्वस्तात येतात. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंधने घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली, म्हणून त्या गाड्या बाहेर पडू लागल्या. काही चांगल्याही असतात. पण तिकडची एन.ओ.सी., इकडचा रस्ता कर, नवा नंबर हे सगळे मिळवता किंमत इथल्या गाडीच्या बरोबरीला येते. त्यात आधीचा मालक कुठे शोधणार?

गाडी घ्यावी ती ज्याला आपण ओळखतो, किंवा ओळखणाऱ्याला ओळखतो, अशा माणसाकडून. निवृत्त होणारे शिक्षक, बँकेतले क्लार्क, दवाखान्यातले कंपौंडर. यांच्या गाड्या कमी चाललेल्या, पावत्या फाईलला लावलेल्या. तात्यांची गाडी अशाच एका निवृत्त मुख्याध्यापकांची. त्यांनी पेट्रोल भरल्याच्या तारखासुद्धा वहीत लिहून ठेवल्या होत्या! त्या वहीपायी आम्ही पाच हजार जास्त दिले आणि ते योग्यच केले असे आजही वाटते.

घासाघीस करताना एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. नवी उतरली की जुनीही उतरली पाहिजे. एजंट अजून आधीचाच भाव सांगत असेल तर त्याला ही तारीख सांगा.

मिस्त्रींबरोबर एक सकाळ

आपल्या कारखान्याच्या वाहन विभागातल्या मिस्त्रींना घेऊन आम्ही तात्यांची गाडी बघायला गेलो. सकाळी सातची वेळ त्यांनीच ठरवली आणि मालकाला फोनवर बजावले, "आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका." पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवला. थंड. बॉनेट गरम असते तर मालकाने काहीतरी झाकण्यासाठी आधीच इंजिन तापवले असा त्यांचा अंदाज.

मग ऑईलची काडी आणि ऑईल भरायच्या टोपणाची आतली बाजू. तिथे दुधावरच्या सायीसारखे काही चिकटले असेल तर पाणी ऑईलमध्ये मिसळते आहे, हेड गॅस्केटचे काम आहे. रेडिएटरमधले पाणी गंजाच्या रंगाचे असेल तर कूलंट घातलेलेच नाही. गाडी सुरू केल्यावर मिस्त्री मागे जाऊन उभे राहिले. निळा धूर म्हणजे ऑईल जळते. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते. पांढरा धूर थंडीत पहिली दोन मिनिटे चालतो, इंजिन तापल्यावरही येत राहिला तर गाडी नको.

क्लचची परीक्षा त्यांनी सोपी सांगितली. हँडब्रेक पक्का ओढायचा, तिसरा गिअर टाकायचा आणि क्लच हळू सोडायचा. इंजिन लगेच बंद पडले तर क्लच ठीक. बंद न पडता नुसते घुरघुरत राहिले तर क्लच प्लेट संपली. ही परीक्षा एकदाच करायची, आणि गाडीच्या पुढे कुणाला उभे करायचे नाही.

खिशातून त्यांनी एक लहान लोहचुंबक काढले, फडक्यात गुंडाळले आणि दरवाजे, मडगार्ड यांवरून फिरवले. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्र्यावर पुट्टी आहे, म्हणजे कधीतरी ठोकर बसली आहे. बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघितले. पान्याचे ओरखडे आणि उडालेला रंग असेल तर बॉनेट उतरवलेले आहे. मागच्या डाव्या दरवाज्यावर थोडी पुट्टी निघाली. मुख्याध्यापक म्हणाले, "गेटला लागली होती." मिस्त्रींनी मान डोलावली. दरवाज्याची पुट्टी चालते, चासीला वेल्डिंग चालत नाही.

टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांचे टायर वाळलेले असते, किमतीतून वजा करायला लावायचे. एका बाजूने झिजलेले टायर अलाइनमेंटची किंवा सस्पेन्शनची तक्रार सांगते. किलोमीटरच्या आकड्यावर मिस्त्रींचा विश्वासच नाही. "आकडा मागं फिरवता येतो साहेब, ब्रेकच्या पॅडलचं रबर फिरवता येत न्हाई." पन्नास हजार किलोमीटर म्हणणाऱ्या गाडीचे पॅडल गुळगुळीत आणि स्टिअरिंग तुकतुकीत असेल तर समजून जावे. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी गेलेली असेल तर मालकाला तिथला जुना तपशील मागवायला सांगावे. दर वेळचे किलोमीटर त्यात लिहिलेले असतात.

आणि पुराची खूण. २०१९ नंतर जुलै २०२१ लाही आपल्याकडे पाणी आले, तेव्हा हे कायम बघावे. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढा. डिकीतले चाक उचला. सीटखालचे स्क्रू आणि रूळ गंजलेत का बघा. फ्यूजची पेटी उघडा. काचा बंद करून ए.सी. लावा आणि कुबट वास येतो का घ्या. अत्तराची बाटली आधी बाहेर ठेवा. आम्ही हे सगळे तात्यांच्या गाडीवर केले तेव्हा मिस्त्री आमच्याकडे बघून गालात हसत होते.

पैसे देताना

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. पैसे बँकेतून द्यावेत. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ पावतीवर लिहून दोघांनी सही करावी, कारण त्याआधीचा अपघात-दंड त्याचा, नंतरचा आपला. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते, विमा नावावर करण्याचा अर्ज १४ दिवसांत द्यायचा असतो. विम्याची नो-क्लेम सूट विकणाऱ्याचीच राहते, ती आपल्याला मिळणार नाही.

हे कलम विकणाऱ्या सभासदांनीही वाचावे. "नाव नंतर चढवू" म्हणून गाडी देऊन मोकळे झालेले पुष्कळ आहेत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले, की गाडी हातोहात विकली गेली असली तरी नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला मालक म्हणून जबाबदार. विचार करा, गाडी तीन हात पुढे गेली, चालवणारा अनोळखी, आणि भरपाईचा दावा तुमच्या दोन एकरांवर.

तात्यांच्या गाडीला आता अकरा महिने झाले. या काळात रेडिएटरचा पंखा एकदा गेला, बॅटरी एकदा बदलली, पुढची दोन टायर घातली. सगळे मिळून चौथ्या भागातले जवळजवळ निम्मे पैसे खर्च झाले. बांधणीचा डोस वेळेवर पडला आहे, आम्ही जाऊन पाहिले. खेप मात्र एकही चुकलेली नाही. परवा पहाटे आम्ही तोडीच्या फडाकडे निघालो होतो तेव्हा वळणावर त्यांच्या गाडीचे दिवे दिसले. तात्या चालवत होते, शेजारी वहिनी डोक्यावरून शाल घेऊन बसल्या होत्या. त्यांनी गाडी थांबवली नाही, नुसता हॉर्न दिला.

वाहन विभागातले मिस्त्री हंगाम संपल्यावर रविवारी सकाळी मोकळे असतात. ज्या सभासदांना गाडी दाखवून घ्यायची आहे त्यांनी आपल्या गट कार्यालयात आदल्या गुरुवारपर्यंत सांगून ठेवावे. ते पैसे घेत नाहीत, चहा घेतात. गाडी थंड असावी, मालक हजर असावा आणि बयाणा दिलेला नसावा.